लाल गाडीचा लहरी हीटर

"मेले, आता तरी गरम हो ना!"

सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये आसावरी आपल्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारवर करवादली, आणि बाहेर कुणीतरी खुदकन हसलं.

तिने दचकून काच खाली केली. पावसात हुडी डोक्यावर ओढून एक उंच तरुण उभा होता, हातात दुधाची बाटली.

"सॉरी… पण कॉव्हेंट्रीत कोणी मराठीत ओरडतो, ते मी खूप दिवसांनी ऐकला."

"ऐकलं," आसावरीच्या तोंडून निघून गेलं.

"ऐकलं. हीटर चालत नाही?"

"त्याची मर्जी! मनात आलं तर गरम, नाहीतर बर्फ. आणि उन्हाळ्यात एसी लावला की अंगावर गरम वारा. नागपूर सोडून इथे नोकरीला आले, तर ही गाडी मला नागपूरचा मे महिना देते."

तो पुन्हा हसला. नाव सुश्रुत. जन्म इथलाच, शाळेत फिजिक्स शिकवायचा आणि सुट्टीत जुन्या गाड्या उघडून बसायचा. "दोन प्रॉब्लेम नसणार," तो म्हणाला. "एकच असणार. रविवारी बघू?"

अनोळखी माणसाला लगेच पत्ता द्यावा का? नाही. आसावरीने दिला.

रविवारी त्याने तिच्या दारात गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून दोन रबरी पाइप दाखवले. "हात लाव. हळू हं… दोन्ही गरम?"

"दोन्ही."

"म्हणजे गरम पाणी आतपर्यंत जातो. मग गडबड कुठे आहे?" त्याने तिच्याकडे पाहिलं. अगदी सरळ. प्रश्न गाडीबद्दल होता, एवढंच तिला कसंबसं आठवलं.

गडबड डॅशबोर्डच्या आत निघाली. गरम आणि थंड हवा मिसळणारी एक छोटी झडप असते, ती फिरवणाऱ्या मोटरचे दाते झिजले होते. झडप वाटेल तिथे अडकायची, म्हणून एसीची गार हवासुद्धा तापून बाहेर यायची. तो खाली आडवा होऊन हे समजावत होता आणि ती टॉर्च धरून बसली होती. त्याच्या ओल्या केसांना लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

"लाइट हलते," तो खालून म्हणाला.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली. अंगात जाड कोट होता तिच्या.

पुढच्या रविवारी त्याने दुसरी मोटर आणून बसवली. आणि काय सांगावं, अशी छान ऊब आली! आसावरीला आनंद व्हायला हवा होता. पण तिला भलतंच उदास वाटायला लागलं. का, ते तिचं तिलाच कळेना.

सुश्रुतने चहा संपवला. दाराशी थबकला. "आसावरी…"

"हं?"

"नाही, काही नाही. कप… इथे ठेवू?"

कप कुठे ठेवू, हे विचारायला कुणी असं नाव घेतं? की इथे जन्मलेल्या मुलांची हीच रीत? आठवडाभर ती ऑफिसात चुकीच्या लोकांना ईमेल पाठवत राहिली. शनिवारी खाली उतरली, डॅशबोर्डखाली हात घातला आणि मोटरचा प्लग ओढून काढला. मग मेसेज केला : हीटर परत बिघडला.

तो आला. आत वाकला, आणि लगेच बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"प्लग निघाला आहे. माझी चूक. मी नीट बसवला नाही." तो पाने भराभर टूलबॉक्समध्ये टाकायला लागला. "सॉरी, खरंच. तू चांगल्या गॅरेजला ने. मी उगीच तुझा वेळ घालवतो."

हे आसावरीच्या ध्यानीमनी नव्हतं. तो हसेल, चहा होईल, गप्पा होतील… आणि हा तर सगळा दोष स्वतःवर घेऊन कायमचा निघाला होता.

"तू नीटच बसवला होतास," ती कशीबशी म्हणाली. "मी काढला."

"का? काही आवाज येत होता?"

"नाही."

"वास? जळल्यासारखा?"

"नाही रे!"

"मग फॉल्ट काय होता?" तो पुरता गोंधळला होता.

"तू येणार नव्हतास… हा."

पाऊस भुरभुरत राहिला. सुश्रुत हातातल्या पान्याकडे बघत होता.

"इंग्लिशमध्ये सांग ना, प्लीज. मी काहीतरी चुकीचं समजतो आहे."

"नाही. हे मी मराठीतच सांगणार. तू मला आवडतोस, सुश्रुत. समजलं?"

त्याचे कान लालबुंद झाले. "समजलं. मला पण… म्हणजे तू मला… आवडतोस? आवडतेस?"

"आवडतेस."

"तेच! पहिल्यापासून. फक्त कळत नव्हतं, तू माझी वाट बघते की हीटरची."

तो पुन्हा आत वाकला, खट्कन प्लग बसवला. गरम हवा सुरू झाली. मग तो उठून उभा राहिला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"पण आता हा चालतो. मग पुढच्या रविवारी मी कशाला येऊ?"

"जेवायला," आसावरी म्हणाली.