चष्मा शोधतो डोक्यावर ठेवून

उदगीरच्या स्टँडवर नांदेडची गाडी थांबली. रुद्राणी बॅग सांभाळत खाली उतरली आणि सरळ एका प्लास्टिकच्या ड्रमवर आदळली.

"अगं, जपून! तुझं न्हाई, ड्रमाचं म्हणतोय मी."

ड्रममागून संगप्पा हसत होता. शाळेपासूनचा जिवाभावाचा दोस्त. रुद्राणीचं नांदेडला बी.एड. होईस्तोवर दोन वर्षं दोघांची भेट नव्हती. तोच उनाड चेहरा, उन्हानं जरा जास्तच रापलेला... तो हसला आणि तिच्या पोटात काहीतरी हललं. तिला वाटलं, गाडी लागली असावी.

आठवडा उलटला तरी गाडी लागलेलीच!

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उदगीरच्या नळांनी मौन धरलं होतं. दुष्काळात लग्नं लांबली, तसा संगप्पाचा स्पीकरचा धंदा बसला. मग तो पाण्याचा टँकर चालवू लागला. टपावर स्वतःचाच भोंगा. सकाळी 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'च्या घोषणा, दुपारी पाणी आल्याची दवंडी.

एका दुपारी रुद्राणी त्याच्या स्पीकरच्या दुकानात जाऊन बसली आणि स्वतः रचलेलं गाणं माईकवर गायली —

'दोस्त म्हणू की म्हणू काही अजून?
भजी खातो माझ्याच ताटातून,
चष्मा शोधतो डोक्यावर ठेवून,
येडा माझा जीव घेतो हसून...'

"झकास!" रेकॉर्डिंगचं बटण बंद करत संगप्पा म्हणाला. "कुणावर गं हे?"

"हॉस्टेलातल्या एका पोरीचं हाय. तिच्या... दोस्तावर."

"त्याला कळलंच न्हाई?"

"न्हाई ना."

"मग लई येडा हाय त्यो!" संगप्पा कळवळून म्हणाला आणि टेबल चाचपू लागला. "रुद्रे, माझा चष्मा बघितलीस का?"

रुद्राणी बघतच राहिली. सांगून टाकावं? पण हा हसला तर... आणि पुन्हा पहिल्यासारखा बोललाच नाही तर? मग भांडायचं कुणाशी?

"डोक्यावर बघ," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टँकर तिच्या गल्लीत शिरला तो तेच गाणं वाजवत. रुद्राणीच्या हातून घागर निसटली.

"बंद कर की रे!"

"का म्हणून? समद्या उदगीरला आवडून राहिलंय!" पाईप सोडत संगप्पा ओरडला.

बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं पार्वतम्मा, गल्लीतली थोरली. तिनं कान देऊन गाणं ऐकलं. मग तिची नजर हळूच संगप्पाच्या डोक्यावर गेली.

"संगप्पा, भजी कुणाच्या ताटातली खातोस रं?"

"रुद्रीच्या. का वो?"

"आन् डोस्क्यावर काय हाय?"

संगप्पानं हात वर नेला. बोटांना चष्मा लागला. भोंगा गातच होता... त्याचे कान लालेलाल झाले, हातातला पाईप कलला आणि पाणी धो धो रस्त्यावर!

"पाणी! अरं पाणी!" सगळी रांग किंचाळली.

पार्वतम्मानं घागर पुढं सारली. "पिरीत मागून कर मुडद्या, आदी पाईप धर!"

त्यानं दोन्ही हातांनी पाईप धरला. रुद्राणीकडं न बघताच म्हणाला, "ती हॉस्टेलातली पोरगी..."

"नव्हतीच."

"म्हंजे येडा मीच?"

"हाव."

पार्वतम्माची घागर भरून वाहू लागली, तेव्हा तो म्हणाला, "मला माझ्या मनातलं तर तू नांदेडला गेलीस तवाच कळलं होतं. वाटलं, तिथं तुला कुणीतरी भेटलं असंल... म्हणून गप बसलो."

"दोन वर्षं?" रुद्राणीला हसावं की रडावं कळेना. "माझ्यापेक्षा तूच भित्रा रे!"

ती घागर उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा त्यानं घागर काठोकाठ भरली आणि हळूच विचारलं, "घरापर्यंत सोडू?"

"कुणाला? घागरीला का मला?"

"दोघींना."

तिचं घर समोरच होतं. तरी दोघं महादेवाच्या देवळाला वळसा घालून निघाले. घागर त्याच्या खांद्यावर, आणि तिची करंगळी... चुकूनच... त्याच्या करंगळीत.

मागून भोंग्यातून पार्वतम्माचा आवाज घुमला, "संगप्पा, फिर माघारी! पुढली गल्ली तहानंनं मरून राहिली रं!"