ग्राहकाच्या तोंडून

शेषराव लाइनमन त्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघाला. काम एवढंच होतं, की एक फोन लावायचा, कोणी उचलणार नाही, तसं कागदावर लिहायचं आणि खोलीला कुलूप घालून घरी यायचं. पौष महिना होता. सातपुड्यावरून गार वारं उतरत होतं आणि तुरीची शेतं त्या वाऱ्यानं वाकत होती.

सावळखेडचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एकच खोली. सोनाळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. एके काळी तिथून दोनशे घरांत घंटी जायची. कुणाचं लग्न जुळलं, कुणाची माती झाली, सगळं त्या खोलीतूनच जायचं. मग मोबाइल आले आणि एकेकानं फोन परत केला. आता खोलीत बॅटऱ्यांचा आंबूस वास होता, यंत्राची गुणगुण होती, आणि वहीत एकच नंबर चालू होता. कारभारी आणि त्याची बायको तानाबाई यांचा.

दोघंही गेलेली. तानाबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. फोन बंद करायला ग्राहकाची सही लागते, आणि सही करायला कोणी उरलं नव्हतं. एक जरी ग्राहक वहीत असला तरी एक्स्चेंज चालू ठेवावं लागतं, असा नियम. शेवटी वरून कागद आला, की तीन दिवस, रोज अकरा वाजता त्या नंबरावर फोन लावा. फोन बंद करू का, हे ग्राहकाच्याच तोंडून विचारा. तिन्ही दिवस उत्तर आलं नाही तर बंद समजा.

तालुक्याच्या ऑफिसातली सारिका मॅडम मोबाइलवर हसली होती. "मेलेल्या माणसाले विचारा म्हणतेत, काका. लावजा अन् लिहून टाकजा."

शेषरावला हसू आलं नव्हतं. महिनाअखेर तो रिटायर होणार होता. त्याआधी त्या एका नंबरापुढे 'बंद' असं लिहिलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्याचं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीचा भादवा. तानाबाईच्या घरचा फोन मुका झाला होता. तक्रारीचा तिसरा दिवस होता, आणि तीन दिवसांत तक्रार मिटलीच पाहिजे असा वरून दट्ट्या. फोन चालू झाला हे ग्राहकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय तक्रार मिटत नसे. तार तुटली होती नाल्याच्या पलीकडं, तिच्या घराच्या बाजूला, आणि नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. शेषराव अलीकडच्या खांबावर चढला. कमरेचा पट्टा खांबाला घातला, टेस्टफोन तारेला लावला आणि वाट पाहिली. ऑफिसातून घंटी आली. त्यानं घसा जाड केला आणि कारभारीच्या आवाजात म्हणाला, "हो, फोन चालू झाला."

असं सगळेच लाइनमन करायचे. पाऊस उघडला की उद्या जाऊन तार जोडू, असं त्याच्या मनात होतं.

त्याच दुपारी गोठ्यात कारभारीला साप डसला. तानाबाईनं गावातल्या राम जीपवाल्याला फोन लावला. लावतच राहिली. मोबाइलला तिथं तेव्हा काडीची रेंज नव्हती. संध्याकाळी नाला ओसरला आणि लोक पलीकडं पोचले, तेव्हा कारभारी गार पडला होता आणि ती रिसिव्हर कानाला लावून बसली होती.

पुढं चौकशीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं, फोन चालू होता. ग्राहकानं स्वतः तसं सांगितलं.

त्यानंतर नऊ वर्षं बाजारच्या दिवशी शेषराव दिसला की तानाबाई थांबायची. भांडायची नाही. हळूच म्हणायची, "भाऊ, फोन तं चालू होता म्हणतेत. मंग माह्याच हातून नंबर चुकला असंन. घाबरली होती न मी." शेषराव मान खाली घालायचा. एका शब्दाचं काम होतं, पण ते त्याच्याच्यानं कधी झालं नाही. ती तसंच मनात घेऊन मेली.

घर पडलं. खांब रस्त्याच्या कामात उपटले गेले. तिचा फोन शेषरावनंच उचलून आणला होता. वायर त्याच्याभोवती गुंडाळून, चिठ्ठी बांधून त्यानं तो एक्स्चेंजच्या फळीवर ठेवला होता. तो कशालाच जोडलेला नव्हता.

पहिल्या दिवशी त्यानं नंबर लावला, घंटी जात राहिली. पुढं तार नसली तरी यंत्र घंटीचा आवाज ऐकवतंच, त्यात नवल नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यानं नंबर लावला. फळीकडं पाठ होती. बाहेर लख्ख ऊन. चार घंट्या झाल्या, पाच झाल्या. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

आणि घंटी थांबली.

कानात पाण्याचा आवाज आला. भरल्या नाल्याचा. त्याच्या आत टण… टण… असं काहीतरी वाजत होतं. शेषरावनं ते लगेच ओळखलं. कमरपट्ट्याची कडी लोखंडी खांबावर आपटते, तो आवाज. मग कोणीतरी घसा जाड केला.

"हो… फोन चालू झाला."

आवाज त्याचाच होता. अकरा वर्षं लहान.

शेषरावच्या हातून रिसिव्हर सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं. कारण त्या आवाजाच्या मागं, खूप लांब, एक बाई हळूहळू आकडे म्हणत होती. एकेक आकडा, बोट ठेवून म्हणावा तसा. संपले की पुन्हा पहिल्यापासून. राम जीपवाल्याचा नंबर साऱ्या सावळखेडला पाठ होता. शेषरावनं तिच्यासोबत मनात मोजला. एकही आकडा चुकला नव्हता.

"तानाबाई," तो म्हणाला. "नंबर बरोबर हाय तुमचा. तार तुटेल होती. मी… मी आलोच नाही नाल्याच्या पलीकडं. खांबावरून मीच बोललो. तुमची चूक नाही, माय… ऐकू येऊन राह्यलं काय तुमाले?"

आकडे थांबले. नाला वाहत राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी शेषरावनं निमूट ऐकून घेतल्या असत्या.

"हो," तोच जाड घसा म्हणाला, "फोन चालू झाला."

आणि तिकडं तिनं पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. मधल्या खांबावर अकरा वर्षांपूर्वीचा शेषराव अजून बसला होता ना.

त्यानं रिसिव्हर ठेवला. बऱ्याच वेळानं तो वळला. फळीवर तानाबाईचा फोन होता तसाच होता. वायर गुंडाळलेली, चिठ्ठी बांधलेली, वर दोन वर्षांची धूळ. रिसिव्हरवर मात्र धूळ नव्हती. त्यानं हात लावला. खोलीत हात काकडत होते, पण रिसिव्हर कोमट होता, तासन्‌तास कानाला धरल्यासारखा. बोलायच्या भोकांवर वाफेचे बारीक थेंब होते.

खिशातला मोबाइल वाजला. सारिका मॅडम होती. "लावला काय काका? काय लिहू?"

आज सगळं सांगायचं, असं त्यानं ठरवलं. नाला, खांब, तार, सगळं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याचा घसा आपोआप जाड झाला.

"हो," तो म्हणाला. "फोन चालू हाय."

पलीकडं तिनं ते लिहून घेतलं. "ग्राहक चालू म्हणते तं मंग बंद नाही करता येत. नियमच हाय तसा." मग तिचा आवाज बारीक झाला. "काका… तुमच्या मांगं कोन बाई हाय? केव्हाची नंबर सांगून राह्यली. तिले फोन लावून द्या न कोनी."