डिस्क थांबल्यावर

दुपारची वेळ होती. पंपांच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला कॉम्प्युटरची एक थंडगार खोली आहे. तिथे धाकटा भाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला होता. काम साधंच होतं. ऑफिसचे सगळे मेल कायमचे जपून ठेवणारा एक प्रोग्रॅम नव्या लिनक्स मशीनवर बसवायचा. प्रोग्रॅम फुकटातला, कुणीही आत उघडून बघावा असा मोकळा. मग जुन्या मशीनच्या डिस्कवरचे मेल त्यात ओतायचे, आणि जुनं मशीन भंगारात.

हे काम आधी त्याचा थोरला भाऊ बघायचा. थोरला गेल्या वर्षी वारला.

साहेबांना विचारून वहिनीही आली होती. थोरला रोज दुपारी इथूनच तिला चार ओळी पाठवायचा. पुढे तिचा फोन पाण्यात पडला आणि तिच्याकडचं सगळं गेलं. आता त्या ओळी फक्त या जुन्या डिस्कवर होत्या, आणि डिस्क तर कण्हत होती.

"दादा रोज काय लिहायचा हो, वहिनी?"

"भांडायचे. भाजीत मीठ कमी म्हणून." ती हसली. "तेवढं भांडण परत मिळू दे, भाऊजी. बाकी काही नको मला."

त्याने बटण दाबलं. मेल येऊ लागले. साहेबांचे, हिशेबनीसांचे, दुकानदारांचे. थोरल्याची पाळी आली आणि डिस्कमधून पत्र्यावर नख ओढावं तसा आवाज आला. मग काहीच नाही. तापलेल्या धुळीचा वास तेवढा राहिला.

त्याने वायर काढली, लावली, पुन्हा काढली. डिस्क बाहेर घेऊन कानाशी धरली.

"वहिनी... गेली ही."

वहिनी पडद्याकडे बघत होती.

"मग हे काय येतंय?"

डिस्क त्याच्या हातात, वायर मोकळी लोंबतेय, आणि पडद्यावर थोरल्याचे मेल येतच होते. एकेक, सावकाश, माणूस आठवून आठवून सांगतो तसे. छत्री विसरलीस. गॅसवाल्याला फोन कर. आज मीठ बरोबर होतं, पण हे सांगायला लिहीत नाहीये. वहिनी वाचत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पंख्यांची घरघरही दबकी झाली होती.

"भाऊजी, हे तुमचं मशीनच करतंय ना?"

"नाही..."

भ्यायला हवं होतं. पण मोठ्या पाण्याच्या काठावर उभं राहिल्यासारखा तो नुसता बघत राहिला. सगळे मेल आले. एकही सुटला नाही.

लिनक्सला एक प्रश्न विचारता येतो, आत्ता तुझ्यावर कोण कोण काम करतंय? त्याने तो विचारला. उत्तरात दोन नावं आली. एक त्याचं, लॅपटॉपवरून जोडलेलं. दुसरं थोरल्याचं. त्या नावाचं खातं नव्या मशीनवर त्याने उघडलंच नव्हतं. आणि हा दुसरा कुठून दुरून आला नव्हता. मशीनच्या स्वतःच्या कीबोर्डवर बसला होता.

कीबोर्ड कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्याच्यापुढे खुर्ची, खुर्चीवर वहिनीची पिशवी.

त्याने वहिनीला काहीच सांगितलं नव्हतं. तरी ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पिशवी अलगद उचलून पोटाशी धरली.

वजन गेलं, तरी खुर्चीची गादी वर आली नाही.