मंगळवारचा फोन

ठमीची निवड झाली तेव्हा घरात कोण आनंद! अकरावीतली पोर, मावशीकडेसुद्धा कधी एकटी राहिली नव्हती, आणि आता वर्षभर परदेशातल्या शाळेत शिकणार. आई म्हणाली, "जा गं बाई, जग बघून ये. आम्ही कुठे पळून जातोय?"

तिकडे ज्यांच्या घरी तिची सोय झाली, त्या काकांची बेकरी होती. पहाटे जायचे, दुपारी पिठाने माखून परत यायचे. काकू मोजकंच बोलायच्या. ठमीला मिळालेली वरची खोली त्यांच्या मुलीची. तीही दोन वर्षांपूर्वी अशीच परक्या देशात शिकायला गेली होती आणि तिकडेच तापाने दगावली. काकूंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं, उशीला अभ्रा घालता घालता. वर म्हणाल्या, "तिचे कपडे आहेत कपाटात. तुला होतील."

खरंच झाले. अगदी शिवून घेतल्यासारखे.

थंडी सुरू झाली तसे दिवस आखडले. चार वाजताच खिडक्या काळवंडायच्या, आणि आंबलेल्या पिठाचा वास जिन्यावरून सावकाश वर चढायचा.

ठमी दर रविवारी घरी फोन करायची. एकदा आई म्हणाली, "अगं, मंगळवारी तासभर बोललीस की. आज परत?"

"मंगळवारी? मी नव्हता केला."

"विसरभोळी ती विसरभोळीच!" आई हसली आणि विषय संपला.

पुढच्या रविवारी दादाने फोन उचलला. "काय गं, आणखी एक वर्ष राहायचंय म्हणे? बाबांनी संमतीच्या कागदावर सही केलीय. बुधवारी पोस्टात टाकतो."

"दादा, मी असं म्हणालेच नाही. मला तर घरी यायचंय रे."

"मग मंगळवारी रडत कोण होतं, राहू द्या म्हणून? दर खेपेला काहीतरी नवीनच बोलतेस."

त्या मंगळवारी डोकं दुखतंय असं सांगून ती शाळेतून लवकर निघाली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता. जिन्याच्या खालच्या पायरीवर काकू बसल्या होत्या, तोंडावर बोट ठेवून. वरून आवाज येत होता.

मराठीत.

"...खरंच सांगते आई, मजेत आहे मी. काळजी नको करूस. बाबांना सांग ना..."

आवाज ठमीचाच होता. 'खरंच सांगते' म्हणताना किंचित चढायचा, तसाच चढला.

काकूंचे डोळे भरून आले होते. "किती छान शिकली ना माझी पोर तुझी भाषा?" त्या कुजबुजल्या. "जाताना एक शब्द येत नव्हता तिला. तू झोपेत बोलतेस ना... ती रात्रभर उशाशी बसून ऐकते."

ठमी कशी वर धावली, तिचं तिला कळलं नाही. खोली रिकामी होती. पलंगाच्या कडेला कोणी बसून उठल्यासारखा खळगा. बाजूला पडलेला फोनचा रिसीव्हर कोमट होता, आणि त्यातून आई विचारत होती, "हॅलो? बोल ना बाळा, गप्प का झालीस?"

"आई, मला घेऊन जा," ठमी एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः तिला विमानतळावर सोडलं. उतरताना म्हणाले, "दोन वर्षांनी बायको जेवायला लागली होती. पण तू जा पोरी. मागे बघू नकोस."

ठमी घरी आली. वजन घटलं होतं तेवढंच. मंगळवारचे फोन बंद झाले, महिने गेले, आणि आईने तो विषय पुन्हा काढला नाही.

वर्ष सरल्यावर त्या शाळेचा लिफाफा आला. आत प्रगतिपुस्तक. नाव ठमीचं, गुण उत्तम. हजेरीत एकही दिवस चुकलेला नव्हता, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. सोबत वर्गाचा फोटो होता. मागच्या झाडांना नवी पालवी, आणि दुसऱ्या रांगेत ठमी, हसणारी, भरल्या गालांची.

दादा म्हणाला, "चुकून पाठवलं असेल." बाबांनी लिफाफ्यावरचा पत्ता पुन्हा वाचला. आई मात्र फोटोकडे बघायची, मग ठमीकडे, मग परत फोटोकडे.

जेवताना तिने अगदी सहज विचारलं.

"ठमे, लहानपणी तू झोक्यावरून पडली होतीस... टाके कुठे पडले होते गं?"

ठमीने सांगायला तोंड उघडलं.

आणि तिला काही म्हणता काही आठवेना.