तिसऱ्या रांगेतील वजने

दार अरुंद, आणि दोघांनाही घाई. मूषकगृहाच्या उंबरठ्यावर नव्या पशुवैद्याचा धक्का लागला आणि संशोधिकेच्या हातून वजनकाटा निसटला. परंतु त्यानेच तो अलगद झेलला.

“दगावला असता बिचारा!”

“उंदीर नाही तो, काटा आहे.”

“सवय हो माझी... हाती येईल त्याची नाडी बघायची!”

मुखपट्टीच्या वर त्याचे केवळ डोळे दिसत होते. पण ते हसत आहेत, हे तिला उमगले. तेव्हापासून रोज सकाळी वजने घेताना तिची दृष्टी नकळत दाराकडे वळू लागली.

तिच्या अभ्यासाचा विषय असा : एकच औषध काळे उंदीर सहज पचवीत, पांढऱ्यांची मूत्रपिंडे मात्र त्याने निकामी होत आणि वजने घटत. हे दौर्बल्य आईबापांकडून आलेले. ते कोणत्या जनुकातून येते, याचा शोध ती तीन वर्षे घेत होती. गेल्या तीन महिन्यांत नवल घडले — पिंजऱ्यांच्या तिसऱ्या रांगेतील पांढऱ्यांची वजने घटेचनात! यांच्यापाशी एखादे रक्षक जनुक असणार, असा निष्कर्ष तिने लिहिला. उद्या तो सभेत वाचायचा होता.

“तुमचं तोंड गोड करायला हवं,” ती त्याला आनंदाने म्हणाली.

तो खाली पाहू लागला.

“नको... ती रांग माझ्या देखरेखीखाली, तिला मी खाणं भिजवून देत होतो. रोज. खाण्याच्या कडक गोळ्या त्या आजारी जिवांना चावता येईनात — मला बघवेना.”

“म्हणजे... जनुक वगैरे काही नाही?”

“नाही. फक्त मी.”

“अहो, तीन महिने! एका शब्दानं विचारायचं तरी!”

“चुकलंच. वरिष्ठांना तसं लिहून दिलंय. नोकरी गेली तर जाऊ दे. पण उद्या तुमच्या तोंडून चुकीचं वाचलं गेलं असतं... ते मला सोसलं नसतं.”

तिचे डोळे भरून आले — प्रथम रागाने. मग मनात आले, हा मूग गिळून बसला असता, तर कोणाला कळणार होते? तिने निष्कर्षाच्या पानावर शांतपणे आडवी रेघ ओढली.

“पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला सगळ्याच रांगांना भिजवलेलं खाणं.”

“म्हणजे मी... येऊ?”

“मग भिजवणार कोण? वरिष्ठांकडे मीही येते, चला. आणि रविवारी घरी या. आई विचारतेय, उठता-बसता मी कोणाबद्दल बोलते ते.”

“काय सांगितलंत?”

“उंदरांबद्दल.” तिने दाराकडे पाऊल टाकले. “तिला पटलं नाही... मलाही नाही.”