ऐकू आलं तर एकदाच

जरा जवळ सरका. मला आता मोठ्यानं बोलवत नाही.

हे माझ्या एका सोबत्याचं आहे. वायरमन होता. खिशात कायम टेस्टर, म्हणून आम्ही त्याला टेस्टरच म्हणायचो. एका वृद्धाश्रमात त्यानं खोलीखोलीत आगीचे भोंगे बसवायचं काम घेतलं होतं. आदल्या वर्षी तिथं धूर कोंडला आणि सातव्या खोलीतल्या आजी गेल्या. जुनी घंटा बंद दारातून त्यांना ऐकूच आली नव्हती. सापडल्या त्या दाराशी, जमिनीवर.

गेल्या मार्चमधला मंगळवार. रात्रीचे साडेअकरा. रंगकाम चालू होतं म्हणून सगळे म्हातारे दुसरीकडे हलवले होते. सकाळी सातला परत येणार. रंगाऱ्यानं सगळ्यात शेवटी सातवीचं दार रंगवलं आणि कुलूप लावून तो घरी गेला.

टेस्टरनं वीज आणि बॅटरी दोन्ही तोडून भोंगे चालवणाऱ्या पॅनेलमध्ये टोन जनरेटर बसवला. म्हणजे भोंग्यांना आवाज पुरवणारं तळहाताएवढं कार्ड. मग आधी वीज जोडली, नंतर बॅटरी. हिरवा दिवा लागला.

पॅनेल व्हरांड्याच्या या टोकाला, सातवी खोली त्या टोकाला. मदतीला मेव्हणा. त्यानं एकेका खोलीत जाऊन दार लावायचं, टेस्टरनं आवाज सोडायचा. ऐकू आला तर आतून दारावर एक ठोका. नाही आला तर दोन.

सहा खोल्या झाल्या. सहाही वेळा एकच ठोका.

"दाजी, सातवीला कुलूप आहे."

"राहू दे. तार तीच आहे."

"आणि तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण?"

"सातही खोल्यांपुढे दुपारीच करून ठेवलीय. तुझी बहीणसुद्धा एवढ्या चौकशा करत नाही रे!"

मेव्हणा हसला नाही. "उद्या तिथं माणूस झोपणार आहे, दाजी. मी किल्ली बघतो." तो खाली गेला.

थोड्या वेळानं पलीकडे चाहूल लागली. टेस्टरला वाटलं, आला हा मागच्या जिन्यानं. त्यानं दहा सेकंद आवाज सोडला. बंद केला.

ठक. ठक.

"काय रे, नाही ऐकू आलं?"

ठक. ठक.

"चेष्टा पुरे हां आता..."

तेवढ्यात खालून, फाटकाकडून, हाक आली.

"दाजी... किल्ली सापडली हो!"

टेस्टरला पळावंसं वाटलं. पण मेव्हणा वर येईपर्यंत तो तिथंच भिंतीला टेकून उभा होता.

कुलूप उघडलं. दिवा लावला. आत कोणी नाही. खिडकीला गज.

टेस्टरनं भोंगा उघडला. तारेचं टोक सोलायचंच राहिलं होतं. स्क्रू प्लास्टिकवर आवळलेला. त्याच्याच हातचं काम. भोंग्यावरून पुढे गेलेली तार शाबूत, म्हणून पॅनेलवरचा दिवा हिरवाच. भोंगा मात्र मुका.

पुन्हा वीज तोडली. बॅटरी तोडली. तार सोलली, आवळली. आधी वीज. मग बॅटरी.

"दाजी... आता आत कोण थांबणार?"

टेस्टर उठून सातवीपाशी गेला.

दार लावलं. दोघंही पॅनेलपाशी आले. आवाज सोडला. बंद केला.

काही नाही...

काही नाही...

ठक.

एकदाच.

उरलेली रात्र दोघं फाटकावर बसून होते. सकाळी रंगारी आला आणि चिडला, "ओल्या दारावर हात कुणी मारले?"

दाराच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून वीतभर वर, मुठीचे ठसे होते. दोन. मग दोन. आणि जरा बाजूला एक.

त्यावर रंगाचा दुसरा हात द्यायला टेस्टरनं त्याला हात जोडून नको म्हटलं. ठसे अजून आहेत. मूठ लहानशी आहे. मी स्वतः वाकून पाहिलीय.