गवतावर पाय ठेवू नये

एप्रिलचा तिसरा शुक्रवार. सामन्याला अजून तासभर अवकाश होता आणि नेल व्होंद्रा तिकीटखिडकीमागे बसून फुकट वाटायच्या टोप्यांचे खोके फोडत होती. तेवढ्यात भिंतीवरचा भोंगा खरखरला — "ताडपत्री! हातातलं टाका आणि या! ताडपत्री!"

ऑफिसातलं झाडून सगळं माणूस पळत सुटलं. तिकिटं फाडणारे आजोबा, चीझ तळणाऱ्या दोघी बहिणी, आणि सत्तरीच्या मालकीणबाई मिसेस क्रूगर — त्यासुद्धा! नेलला क्लबात येऊन पाचच दिवस झाले होते. काय चाललंय ते न कळताच तीही धावली. बाहेर आभाळ शाईसारखं झालं होतं आणि नदीकडून पावसाचा पडदा सरसरत येत होता. मैदानाच्या कडेला गुंडाळलेली ती अजस्र ताडपत्री वीसेक जण ओढत होते. नेलनेही एक कडी पकडली.

"सोडू नका!" कुणीतरी ओरडलं. "वारा आला तरी सोडू नका!"

वारा आला. नेलने सोडलं नाही. ताडपत्रीची कड फुगली, वर उठली... आणि तिच्याबरोबर नेलही उठली. क्षणभर ती खरोखरच अधांतरी होती. मग ऑफिसच्या उंच टाचांसकट, नव्या पांढऱ्या शर्टासकट, ती तांबड्या चिखलात बसली.

समोर एक हात आला. मोठा, खरबरीत. पावसाने निथळणारा एक उंच माणूस हसू दाबत उभा होता.

"मी सोडू नका म्हणालो ते खरं," तो म्हणाला, "पण उडा असं नव्हतो म्हणालो."

"आधी सांगायचं होतंत!"

"तुम्ही नव्या? काय काम बघता?"

"प्रेक्षकांसाठीचे कार्यक्रम. भेटवस्तू, आतषबाजी, मुलांच्या शर्यती..."

त्याचं हसू मावळलं. हात मात्र त्याने सोडला नाही, तिला नीट उभी केली आणि म्हणाला, "म्हणजे कुत्र्यांचा दिवस तुमचाच."

"हो. का?"

"मी ओरिन हॅल्वर्सन. हे गवत माझं आहे."

पर्ल बेंड हे विस्कॉन्सिनमधलं, मिसिसिपीच्या काठावरचं गाव. एके काळी इथे नदीतले शिंपले काढून त्यांची बटणं कापायचे, म्हणून बेसबॉल संघाचं नाव क्लॅमर्स — शिंपलेवाले. संघ लहान, पोरं कोवळी. कुणी जरा बरं खेळायला लागला की मोठा क्लब त्याला उचलून न्यायचा. अशा संघाचे सामने पाहायला लोकांनी यावं कशाला? तर कधी टोपी मिळते, कधी आतषबाजी असते, कधी कुत्र्याला घेऊन बसता येतं म्हणून. हे 'म्हणून' शोधायचं काम नेलचं. आणि तिचं प्रत्येक 'म्हणून' ओरिनच्या गवतावरून चालत जायचं.

मैदानाच्या दारावर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती — 'गवतावर पाय ठेवू नये.' अकरा वर्षं ती पाटी तिथे होती.

मे महिन्यात कुत्र्यांचा दिवस झाला. एकशे ऐंशी कुत्री आली आणि गवतावरून हुंदडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेल डोनट घेऊन माफी मागायला गेली, तर ओरिन गुडघ्यांवर बसून खड्डे बुजवत होता.

"किती झाले?" तिने हळूच विचारलं.

"सतरा. एक मोठा आहे. त्यात आपण दोघं मावू."

"आत्ताच?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. त्याने वर पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याच्या... आणि बहुतेक तिच्याही.

"डोनट ठेवा तिथे," तो खड्ड्याकडे बघत म्हणाला. "आणि... उद्याही आणलेत तरी चालतील."

मग सवयच झाली. सकाळी ती जायची, तो फवारे बंद करायचा, आणि दोघं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून भांडायची. लहान मुलांना बेसवरून धावू द्यायचं की नाही? आतषबाजीची राख कुणी वेचायची? ती दहा मागायची, तो तीन द्यायचा, सहावर तडजोड व्हायची. तडजोड झाली की दोघांनाही चुटपुट लागायची... आता उठावं लागणार!

जूनमध्ये मुंडी हलवणाऱ्या बाहुल्या आल्या. संघाच्या लाडक्या मातेओच्या, आठशे. नेलने पहिली उचलली आणि मातेओची मुंडी तिच्या मांडीत पडली. दुसरीचीही तेच. कारखान्याने मानेतली स्प्रिंग चिकटवलीच नव्हती. वाटप शनिवारी, आणि आज मंगळवार! संघ परगावी, ऑफिसात चिटपाखरू नाही. ती खोके ढकलत ओरिनच्या अवजारांच्या खोलीत गेली.

"तुमच्याकडे गोंद आहे?"

त्याने खोक्यात डोकावून पाहिलं. "एवढी शिक्षा? यंदा तसा बराच खेळलाय तो."

दोघं दुपारभर मुंड्या चिकटवत बसली. दाराबाहेर ऊन, कापलेल्या गवताचा ओला वास, कुठेतरी पाण्याची टपटप. साडेतीनशेव्या मुंडीच्या वेळी गोंद जास्त आला. आणि नेलची तर्जनी ओरिनच्या अंगठ्याला घट्ट चिकटली.

"हलू नका," तो म्हणाला.

"मी हलत नाहीये. तुम्ही हलताय."

"मग ही मुंडी का हलतेय?"

"तिचं कामच ते आहे!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला एकच हात मोकळा होता आणि त्यात मातेओची मुंडी होती. शेवटी ओरिनने आपल्या मोकळ्या हाताच्या बाहीने तिचा गाल टिपला. अगदी हळू... रोपावरचं दव टिपावं तसा. हसणं थांबलं.

"तेल लागेल," तो म्हणाला. "तळणीतलं. स्वयंपाकघर त्या टोकाला आहे."

"मग चला."

"हो. जाऊ या."

पाच मिनिटं कुणीच उठलं नाही.

"लोक सामना बघतात," एकदम तो म्हणाला. "खेळाडू, धावांचा फळा, तो शिंपल्याचं सोंग घेऊन नाचणारा पोरगा... मला कधी कधी वाटतं, कुणीतरी एकदा खाली बघावं."

"मी बघते."

"कधी?"

"रोज. कुत्री आणायच्या आधीपासून."

तो हसला. पण रात्री जेवताना, आपल्या बोटावरचा गोंदाचा पापुद्रा खरवडताना, नेलला जाणवलं की आपण थट्टेत खरं बोललो होतो.

जुलैत ती गोष्ट घडली. कॉल्बी नावाच्या एका तरुणाला सगळ्यांसमोर, मैदानात, आपल्या मैत्रिणीला लग्नाचं विचारायचं होतं. असं क्लबात अधूनमधून व्हायचं. नेलने पाचव्या डावानंतरची वेळ दिली, फुलं आणली, फळ्यावर नावं लावली. अडीच हजार लोक उभे राहिले. कॉल्बी गुडघ्यावर बसला. जोलीनने, म्हणजे त्या मुलीने, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग काहीतरी पुटपुटली आणि मान हलवली.

नाही.

सगळं मैदान चिडीचूप. मग वरून कुणीतरी हुर्यो केली. दुसऱ्याने शिट्टी मारली. जोलीन मैदानाच्या मधोमध उभी, आणि निवेदक नुसतेच कागद चाळत बसलेला.

तेवढ्यात बाजूचं फाटक उघडलं. माती सारखी करणारी मंडळी सहाव्या डावानंतर यायची, ती आत्ताच बाहेर आली. सगळ्यांत पुढे ओरिन. चार माणसांत बोलायला लाजणारा ओरिन! त्याने तिसऱ्या बेसजवळ आपलं दाताळं उभं धरलं, त्याला कमरेत वाकून नमस्कार केला... आणि त्याच्याबरोबर नाचायला लागला.

काय नाचला तो! ताल नाही, तोल नाही; गुडघे एकीकडे, कोपर दुसरीकडे. त्याची मदतनीस डोलोरेस घटकाभर आ वासून बघत राहिली, मग तिनेही आपलं दाताळं खांद्यावर घेऊन गिरकी मारली. कुणीतरी गाणं लावलं. अडीच हजार माणसं हसायला लागली, टाळ्या पिटायला लागली. सगळ्यांची तोंडं तिसऱ्या बेसकडे वळली.

नेलने जोलीनचा हात धरला आणि तिला गुपचूप बाहेर नेलं.

"तो वाईट नाही हो," जिन्याखाली जोलीन हुंदके देत म्हणाली. "घरी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, थोडं थांब. इथे थांब कसं म्हणू?"

तिला बहिणीच्या गाडीत बसवून नेल परत आली. ओरिन नळाखाली डोकं धरून उभा होता. कान लालबुंद.

"तुला अजिबात नाचता येत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे." त्याने मान वर केली. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. "तुला?"

"काय तुला?"

"तू मला 'तुला' म्हणालीस."

"सुटलं तोंडातून..."

"राहू दे ना मग," तो म्हणाला. "आहे तिथेच."

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते नेलला कळलं नाही. आणि ऑगस्टमध्ये टेक्सासहून पत्र आलं. मोठा क्लब, चाळीस हजारांचं मैदान, हाताखाली नऊ माणसं. शाळेत असल्यापासून तिला जे हवं होतं, ते. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

सगळे म्हणाले, जाऊ नकोस. चीझवाल्या बहिणी रडल्या. मिसेस क्रूगर म्हणाल्या, "जा. मी तुझ्या वयाची असते तर आज सकाळीच गेले असते." ओरिन एवढंच म्हणाला, "चांगली नोकरी आहे."

"बस? एवढंच?"

"खूप चांगली आहे."

ती तरातरा निघून गेली. दोन दिवस डोनट आले नाहीत.

हंगामाचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. प्रेक्षकांचे आभार मानायचा दिवस. नेलने मे महिन्यात दिलेल्या मागण्यांच्या यादीत एक ओळ होती — सामन्यानंतर लोकांना गवतावर येऊ द्यावं. ओरिनने ती ओळ तेव्हाच खोडली होती. शिंपलेवाले सामना हरले, चार विरुद्ध नऊ. नेल ध्वनिक्षेपकावर निरोपाचे चार शब्द बोलायला उभी राहिली आणि बोलता बोलता थबकली. ओरिन पेचकस घेऊन दारापाशी गेला होता. एकेक स्क्रू काढून त्याने पाटी खाली घेतली, दार सताड उघडलं.

"बूट काढून या," तो जवळच्या बाईंना म्हणाला. "पायाला छान लागतं."

लोक आले. आधी बिचकत, मग पळत. कुणी पसरलं, कुणी लोळलं, तिकिटं फाडणारे आजोबा तर उताणे झोपून आभाळ बघत राहिले. नेल बूट हातात घेऊन पार टोकाला, कुंपणापाशी गेली. तिथे तो एकटाच उभा होता.

"अकरा वर्षं तू राजीखुशीने कुणाला येऊ दिलं नाहीस."

"तू मागितलं होतंस."

"आणि मी जे मागितलं नाही ते?" तिचा आवाज चढला. "सगळं गाव मला थांब म्हणालं, ओरिन. तू एकदाही नाही."

"त्या मुलीचा चेहरा बघितला होतास ना तू? सगळे बघत असताना... मी थांब म्हणालो असतो तर तूही अडकली असतीस. माझ्यासाठी हो म्हणायचं, का स्वतःसाठी नाही. मला तुला तिथे उभी करायची नव्हती."

"इथे आपल्याकडे कुणी बघत नाहीये."

"नाही," त्याने आजूबाजूला पाहत म्हटलं. "सगळे खाली बघतायत."

"मग बोल."

"तू आवडतेस मला. ताडपत्रीपासून. जा टेक्सासला. जा, नाहीतर आयुष्यभर तुला वाटत राहील." त्याने हातातला पेचकस खिशात घातला. "आणि... नोव्हेंबर ते मार्च माझ्या गवतावर बर्फ असतो, नेल. ते चार-पाच महिने मी कुणाचाच नसतो. ते तुला चालतील का?"

नेलने हातातले बूट टाकले. अनवाणी टाचा उंचावल्या आणि त्याला उत्तर दिलं. शब्दांत नाही. जरा दूर उताणे पडलेले आजोबा खाकरले आणि त्यांनी कूस बदलली.

ती गेली. टेक्साससमोर पर्ल बेंड म्हणजे अंगण होतं. तिथे एका आतषबाजीला दहा सह्या लागायच्या आणि सकाळी भांडायला कुणी नसायचं. पण काम तिला आवडलं, जमलंही. दर रविवारी फोन व्हायचा. तो हवामान सांगायचा, ती ऐकत राहायची.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी तिने दार उघडलं. ओरिनची जुनी गाडी फाटकापाशी उभी होती. तो मात्र दाराकडे आलाच नव्हता. इमारतीसमोरच्या हिरवळीवर उकिडवा बसून मुळाशी बोटं घालत होता.

"ओरिन, मी इकडे आहे!"

"हो, आलोच. याला पाणी फार घालतात गं. सडेल हे."

"किती दिवस आहेस?"

"बर्फ वितळेपर्यंत, असं ठरलं होतं..." तो अजून खालीच बघत होता. "पण डोलोरेसला किल्ल्या देऊन आलो. म्हटलं, यंदा वितळला की तूच बघ. मी सांगायचा अवकाश, तिने पाटीसुद्धा नवी रंगवायला घेतली."

नेल उंबरा ओलांडून वरच्या पायरीवर आली. "आणि तू इथे काय करणार?"

"इथे वर्षभर हिरवं असतं म्हणे. कुणीतरी लागेलच ना..."

तो उठला, हात पँटला पुसले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. ती झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, पायांत दोन वेगळे मोजे. पुढे काय बोलायचं होतं ते तो विसरला. गवताचंही विसरला. तसाच, चिखलाच्या बुटांनी, पायऱ्या चढून आला.